सहावा क्वार्क आणि मुंबईचा निकष

१९८४च्या जुलैमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जगभर बातमी गेली की क्वार्क या मूलकणांच्या कुळातला सहावा, म्हणजे टॉप, सापडला आहे. बातमी देणारा यूए-१ हा गट तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होता. आदल्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी डब्ल्यू कण शोधला होता आणि पुढच्या काही महिन्यांत झेड कण. गटाचे प्रमुख कार्लो रुबिया यांना सिमॉन व्हॅन डर मीर यांच्यासह त्या कामाबद्दल त्याच वर्षीचं नोबेल मिळायचं होतं. अशा लोकांचा शब्द खरा मानायला जग तयारच होतं.

तो टॉप नव्हता. खरा टॉप सापडायला आणखी जवळजवळ अकरा वर्षं लागली. तो सापडला अमेरिकेत, आणि १९८४मध्ये सांगितलेल्या वस्तुमानाच्या चौपटीहून जड निघाला.

या अकरा वर्षांच्या गोष्टीत मुंबईचा वाटा मोलाचा आहे. टॉप ओळखायचा कसा, याचा एक पायाभूत निकष १९८३मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधल्या एका निबंधात मांडला गेला. त्याच्या तीन लेखकांपैकी दोघं मुंबईत काम करत होती: टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले, डी. पी. रॉय आणि मुंबई विद्यापीठातल्या रोहिणी गोडबोले. तिसरे लेखक संदीप पाकवासा हवाई विद्यापीठात होते. निकष बरोबर होता. तो हातात असूनही पहिला दावा फसला, आणि त्याच निकषाचा आधार घेत शेवटी खरा टॉप हाती आला. सिद्धान्त आणि मोजमाप यांची गाठ कशी पडते हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली गोष्ट मला माहीत नाही.

रिकामी जागा

१९७७मध्ये शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये लिऑन लेडरमन यांच्या गटाला अप्सिलॉन नावाचा कण सापडला. त्याचं वस्तुमान होतं साडेनऊ जीईव्ही. प्रोटॉनचं वस्तुमान साधारण एक जीईव्ही असतं, हे लक्षात ठेवलं की पुढचे सगळे आकडे वाचता येतात. अप्सिलॉन हा एका नव्या क्वार्कची आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी होता. या पाचव्या क्वार्कला बॉटम हे नाव पडलं.

पाचवा मिळाल्यावर सहावा असणारच, असं मानायला भक्कम कारणं होती. क्वार्क जोडीने येतात. अपसोबत डाउन आणि चार्मसोबत स्ट्रेंज, मग बॉटमचाही जोडीदार हवा. जपानच्या माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३मध्येच दाखवलं होतं की द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात दिसलेला बारीक फरक समजावून सांगायला क्वार्कच्या तीन जोड्या लागतात. त्यांनी हे लिहिलं तेव्हा चौथा क्वार्कही सापडला नव्हता. शिवाय मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्ताच्या, म्हणजे प्रमाण प्रतिकृतीच्या, गणितात क्वार्क आणि इलेक्ट्रॉनच्या कुळातले कण यांच्या भारांचा मेळ बसावा लागतो. टॉप नसेल तर तो बसत नाही आणि सिद्धान्त आतून मोडतो.

अडचण एकच होती. टॉप आहे हे सिद्धान्त सांगत होता, तो किती जड हे सांगत नव्हता. चार्म दीड जीईव्ही, बॉटम पाचाच्या आसपास, म्हणून पुढचा पंधराच्या जवळपास असेल असा नुसता कयास होता. हॅम्बुर्गच्या पेट्रा या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्राने तेवीस जीईव्हीपर्यंतची जागा पिंजून काढली, पण टॉप दिसला नाही. मात्र बॉटम क्वार्क कोणत्या दिशेला जास्त बाहेर पडतात हे याच यंत्रावर मोजलं गेलं, आणि ते मोजमाप बॉटमला जोडीदार आहे असंच सांगत होतं. जागा तर नक्की रिकामी होती, ती कुठे आहे तेवढंच ठाऊक नव्हतं.

एकटा लेप्टॉन

रोहिणी गोडबोले यांचा जन्म पुण्यात १९५२चा. शिक्षण सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, पुढे मुंबईच्या आयआयटीत एम.एस्सी. आणि १९७९मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक इथे पीएच.डी. तिथून त्या परत आल्या. तीन वर्षं टीआयएफआरमध्ये काढून १९८२मध्ये मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात शिकवू लागल्या. जगातली मोठी टक्करयंत्रं युरोप-अमेरिकेत होती. कुलाब्यातल्या टीआयएफआरमध्ये किंवा कलिन्यातल्या विद्यापीठात बसून त्या यंत्रांतल्या शोधाला हातभार लावायचा, तर ‘काय दिसेल’ याचं गणित इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा नेमकं करायला हवं होतं.

सर्नमध्ये तेव्हा प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरी होत होत्या. टॉप जन्मतो आणि निमिषार्धाच्याही कितीतरी आधी मोडतो. त्याच्या तुकड्यांत कधी कधी इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन असतो. या दोघांना मिळून लेप्टॉन म्हणू. लेप्टॉन डिटेक्टरमध्ये स्वच्छ दिसतो, म्हणून शोध त्याच्यापासून सुरू करणं सोयीचं होतं. पण बॉटम आणि चार्म मोडतानाही लेप्टॉन निघतात, आणि हे दोन क्वार्क टॉपच्या मानाने भरमसाट संख्येने तयार होतात. मग टॉपमधून आलेला लेप्टॉन वेगळा काढायचा कसा?

गोडबोले, पाकवासा आणि रॉय यांनी बोट ठेवलं ते वस्तुमानावर. हलका क्वार्क प्रचंड वेगाने पळत असताना मोडला की त्याचे सगळे तुकडे एकाच दिशेला, दाटीवाटीने पुढे जातात. त्यामुळे बॉटममधून निघालेला लेप्टॉन इतर कणांच्या झोताच्या आत असतो. अशा झोताला जेट म्हणतात. जड क्वार्कची गोष्ट वेगळी. त्याच्या वस्तुमानातली ऊर्जा मोकळी होते तेव्हा तुकडे दूर दूर फेकले जातात आणि लेप्टॉन जेटपासून बाजूला पडतो. म्हणून लेप्टॉनभोवती एक शंकू कल्पायचा आणि त्या शंकूत इतर कणांची ऊर्जा किती आहे ते मोजायचं. ती नगण्य असेल तर लेप्टॉन एकटा आहे, आणि त्याचा उगम जड कणात असण्याची शक्यता मोठी. अमेरिका आणि ब्रिटनमधले काही गटही त्याच सुमारास याच दिशेने विचार करत होते. ही कल्पना पुढे प्रत्येक मोठ्या टक्करयंत्रावर रोजच्या वापरातली झाली. आज सर्नमध्ये कोणत्याही जड कणाचा शोध घेताना लेप्टॉनचं एकटेपण आधी तपासलं जातं.

दावा कसा फसला

यूए-१ने हाच धागा धरला. त्यांची अपेक्षा होती की डब्ल्यू कण मोडून टॉप आणि बॉटम तयार होतील. डब्ल्यूचं वस्तुमान ऐंशीच्या आसपास, तेव्हा टॉप त्याहून हलका असेल तर हे घडू शकतं. मग डिटेक्टरमध्ये दिसायला हवेत एक एकटा लेप्टॉन आणि दोन जेट. अशा मूठभर घटना त्यांना दिसल्याही. वस्तुमानाचा हिशेब तीस ते पन्नास जीईव्हीच्या मध्ये बसला आणि दावा जाहीर झाला.

चूक झाली ती दुसऱ्या बाजूच्या हिशेबात. टॉप नसतानाही अशा घटना किती घडतील, हा त्या हिशेबाचा प्रश्न. डब्ल्यू तयार होताना सोबत जेट उडतात आणि तोच डब्ल्यू लेप्टॉन देऊन मोडतो. हा लेप्टॉन एकटाच असतो. बॉटमच्या जोड्यांतूनही क्वचित असा लेप्टॉन निघतो, ज्याच्या सोबतच्या कणांकडे फारशी ऊर्जा नसते. क्वचित घडणाऱ्या गोष्टी लाखो टकरींत मिळून पुरेशा संख्येने घडतात. अशा सगळ्या तोतया घटनांना भौतिकशास्त्रात पार्श्वभूमी म्हणतात, आणि यूए-१ने धरलेली पार्श्वभूमी खऱ्यापेक्षा कमी होती. आणखी माहिती गोळा झाली, हिशेब पुन्हा मांडला गेला आणि टॉपचं चिन्ह विरून गेलं. १९८८मध्ये याच गटाने प्रसिद्ध केलं की टॉप असलाच तर चव्वेचाळीस जीईव्हीहून जड आहे.

यात यूए-१ला हिणवण्यासारखं काही नाही. स्वतःचा दावा स्वतःच्याच मोजमापाने मागे घेणं ही विज्ञानाची ताकद आहे. पण यातला धडा टॉपपेक्षाही मोठा आहे. सिद्धान्ताला जे अपेक्षित आहे ते दिसणं म्हणजे अर्धी परीक्षा. तसंच दिसणारं बाकी सगळं मोजून वजा करणं, ही उरलेली अर्धी. अवघड अर्धी हीच.

झेडने दिलेला सुगावा

पुढची काही वर्षं टॉपच्या वस्तुमानाची खालची मर्यादा तेवढी वर सरकत राहिली. १९९०मध्ये सर्नच्या यूए-२ने ६९ जीईव्हीच्या खाली टॉप नाही असं सांगितलं. फर्मिलॅबच्या सीडीएफ गटाने १९९२मध्ये ही मर्यादा ९१वर नेली. आता टॉप डब्ल्यूहून जड आहे हे स्पष्ट झालं आणि चित्र उलटं झालं. डब्ल्यू मोडून टॉप तयार होणार नव्हता, टॉप मोडून डब्ल्यू आणि बॉटम तयार होणार होते.

दरम्यान एका वेगळ्या वाटेने टॉपचा माग लागत होता. १९८९च्या ऑगस्टमध्ये सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लेप यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी सुरू झाल्या. तिथे झेड कण लाखोंनी तयार झाले आणि झेडचं वस्तुमान, आयुष्य आणि मोडण्याच्या तऱ्हा अतिशय काटेकोर मोजल्या गेल्या. लेपवरच्या चार प्रयोगांपैकी एल-३ या प्रयोगात टीआयएफआरचा गट होता. झेडच्या आलेखाचा नेमका आकार ठरवण्याच्या कामात मुंबईच्या या भौतिकशास्त्रज्ञांनी मेहनत घेतली.

लेपमध्ये टॉप तयार करण्याइतकी ऊर्जा नव्हती. तरी तो तिथे हजर होता. पुंज सिद्धान्तानुसार जड कण प्रत्यक्ष जन्माला न येताही हलक्या कणांच्या वागण्यावर आपला ठसा उमटवतात. नेदरलँड्सच्या मार्टिनस व्हेल्टमन यांनी १९७७मध्ये दाखवलं होतं की टॉप आणि बॉटम यांच्या वस्तुमानांत जितकी तफावत, तितका झेड आणि डब्ल्यू यांच्या आकड्यांतला बदल मोठा, आणि हा बदल टॉपच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे झेडची मोजमापं पुरेशी बारीक झाल्यावर उलट गणित मांडता आलं: हे आकडे खरे असतील तर टॉप किती जड असायला हवा? १९९४च्या सुमाराला उत्तर आलं पावणेदोनशे जीईव्हीच्या आसपास, वीसेक इकडे किंवा तिकडे.

आता सिद्धान्ताने आपली मान पुढे केली होती. टॉप शंभरवर सापडला असता किंवा तीनशेवर, तरी प्रमाण प्रतिकृती अडचणीत आली असती.

सतरा घटना

फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन या ६.३ किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन १८०० जीईव्ही ऊर्जेने आदळत होते. तिथे सीडीएफ आणि डी-झिरो हे दोन मोठे प्रयोग होते. डी-झिरोमध्ये दिल्ली विद्यापीठ, पंजाब विद्यापीठ आणि टीआयएफआर सहभागी होती. टीआयएफआरच्या गटात व्ही. एस. नरसिंहम् आणि नबकुमार मंडल होते. दोघंही कोलारच्या सोन्याच्या खाणीतून आलेले. तिथे जमिनीखाली २.३ किलोमीटरवर १४० टन वजनाचा डिटेक्टर उभारून टीआयएफआर आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी प्रोटॉन मोडतो का हे पाहिलं होतं. मोजक्या घटना त्यांना संभाव्य वाटल्या आणि त्यांनी त्या संभाव्य म्हणूनच मांडल्या. पुढे अमेरिका आणि जपानमधल्या कितीतरी मोठ्या डिटेक्टरांना प्रोटॉन मोडताना दिसला नाही. दुर्मीळ घटना शोधताना किती संयम लागतो, हे या माणसांना खाणीच्या तळाशीच कळलेलं होतं.

टेव्हाट्रॉनमध्ये टॉपची एक जोडी साधारण दहा अब्ज टकरींमागे एकदा तयार व्हायची. तिच्यातून दोन डब्ल्यू आणि दोन बॉटम निघायचे. एक डब्ल्यू मोडून लेप्टॉन द्यायचा आणि तो एकटा असायचा. मुंबईचा निकष इथेही लागू पडत होता, पण यूए-१ला गोत्यात आणणारी पार्श्वभूमीही तशीच समोर उभी होती. म्हणून एकटेपणासोबत आणखी कसोट्या जोडल्या गेल्या. बॉटम क्वार्कपासून बनलेले कण मोडण्याआधी मिलिमीटरचा काही भाग प्रवास करतात. सीडीएफने सिलिकॉनच्या पट्ट्यांचा बारीक डिटेक्टर लावून तो प्रवास पकडला. डी-झिरोने जेटमधले म्यूऑन शोधले आणि घटनेतली एकूण ऊर्जा आणि कणांची मांडणी तपासली.

एप्रिल १९९४मध्ये सीडीएफने बारा घटना मांडल्या. नुसत्या पार्श्वभूमीतून एवढ्या घटना येण्याची शक्यता चारशेत एक. त्यांनी शब्द वापरला ‘पुरावा’. ‘शोध’ म्हणण्याचं त्यांनी टाळलं. डी-झिरोकडे नऊ घटना होत्या आणि पार्श्वभूमी जवळपास चारची. त्यांनी दावाच केला नाही. यूए-१चा अनुभव ताजा होता आणि सगळ्यांनी तो गंभीरपणे घेतला होता.

२ मार्च १९९५ रोजी दोन्ही गटांनी एकत्र घोषणा केली. डी-झिरोकडे आता सतरा घटना होत्या आणि टॉप नसता तर अपेक्षित होत्या ३.८. सीडीएफला टॉपचं वस्तुमान १७६ जीईव्ही मिळालं, डी-झिरोला १९९. दोन्ही आकड्यांतली अनिश्चितता मोठी होती आणि त्या अनिश्चिततेत ते एकमेकांशी जुळत होते. लेपच्या झेडने न पाहता सांगितलेला आकडाही तिथेच होता. आज टॉपचं वस्तुमान १७२.५ जीईव्हीच्या जवळ धरलं जातं. टंगस्टनच्या अख्ख्या अणूइतका जड असा हा एक मूलकण आहे.

नागपूरला जरीपटक्यात मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उभ्या केलेल्या या वस्तीतली पुष्कळ मुलं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली असतात. ‘सतरा दिसल्या तर सतरा सापडल्या, मग तीन-चार वजा का करायच्या?’ असा प्रश्न वर्गात येतो तेव्हा मी त्यांना गल्ल्याचीच आठवण करून देतो. दिवसभरात जमलेला सगळा पैसा नफा नसतो. माल, भाडं, मजुरी वजा जाऊन उरतं तेवढंच आपलं. आणि हे खर्च कमी धरले तर तोट्यातलं दुकानही कागदावर नफ्यात दिसतं. मुलांना हे चटकन कळतं. १९८४मध्ये काय चुकलं आणि १९९५मध्ये काय बरोबर झालं, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

वजाबाकीचं काम

रोहिणी गोडबोले यांच्या पुढच्या कामातही ही वजाबाकी मध्यवर्ती राहिली. १९९१मध्ये त्यांनी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत एक महत्त्वाचा परिणाम दाखवून दिला. इलेक्ट्रॉनांचे पुंज एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्यासोबत फोटॉनही येतात आणि तेही एकमेकांना धडकतात. फार ऊर्जेचा फोटॉन क्वार्कांनी भरलेल्या कणासारखा वागतो. त्यामुळे या धडकांतून जेटची पार्श्वभूमी तयार होते. काही नियोजित यंत्रांत ही पार्श्वभूमी इतकी मोठी झाली असती की हवी ती घटना तिच्यात बुडून गेली असती. यंत्र बांधायच्या आधीच हे सांगितलं गेलं आणि भविष्यातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांच्या आराखड्यांत त्याचा विचार होऊ लागला. याला ड्रीस-गोडबोले परिणाम असं म्हणतात. एका मराठी स्त्रीचं आडनाव भौतिकशास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसलं, ते अशा कामामुळे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

१९९५मध्ये, टॉप सापडला त्याच वर्षी, त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. हिग्ज कणाचे गुणधर्म मोजायचे कसे यावर त्यांनी दीर्घकाळ काम केलं. राम रामस्वामी यांच्यासह ‘लीलावतीज डॉटर्स’ हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं पुस्तक २००८मध्ये संपादित केलं. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. डी. पी. रॉय २०१७मध्येच गेले होते.

टॉपची गोष्ट संपलेली नाही. २०२५मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने, ज्यात टीआयएफआरचा गट आहे, सांगितलं की टॉप आणि प्रतिटॉप यांची जोडी जेमतेम तयार होईल एवढ्या ऊर्जेला अपेक्षेपेक्षा जास्त घटना दिसतात. अॅटलास प्रयोगालाही ते दिसलं. मोडण्याआधीच्या अत्यल्प क्षणात टॉप आणि प्रतिटॉप एकमेकांशी बांधले जात असावेत, हे त्याचं सरळ स्पष्टीकरण आहे. एखाद्या नव्या जड कणाची शक्यताही तपासली जाते आहे. यातलं कोणतं खरं हे ठरवायला टॉपच्या जोडीचं नेहमीचं वागणं फार बारकाईने मोजावं लागेल, कारण आता टॉप हाच पार्श्वभूमी आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला शोधायला निकष लागला, त्यालाच आज वजा करून पुढचं पाहायचं आहे. या कामाला शाबासकी कमी मिळते आणि वर्षं फार लागतात. तरी सिद्धान्तावर विश्वास ठेवण्याचा हक्क हे काम करणाऱ्यांनीच आपल्याला मिळवून दिला आहे.